घरातला समुद्र : खाऱ्या पाण्याच्या मत्स्यपेटीची पहिली पायरी

प्रतिनिधी

गोड्या पाण्यातील गप्पी, मोली वा गोल्डफिश सांभाळण्याचा सराव झाला, की अनेक हौशी मत्स्यपालकांची नजर समुद्री माशांकडे वळते. १९५१ मध्ये सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाने मुंबईकरांच्या कित्येक पिढ्यांना या रंगीत दुनियेची ओळख करून दिली. २००३ मध्ये 'फाइंडिंग निमो' हा चित्रपट आला आणि नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाऊनफिश घरोघरच्या मुलांना ठाऊक झाला. मात्र हौसेने मांडलेल्या अनेक समुद्री पेट्या काही महिन्यांतच रिकाम्या होतात. घाई हे त्यामागचे प्रमुख कारण असते. शिवाय प्रवाळाच्या बाबतीत कायद्याची माहिती नसेल, तर हा छंद थेट गुन्ह्यापर्यंतही नेऊ शकतो. त्यामुळे खरेदीला निघण्यापूर्वी काही गोष्टी समजून घेणे आवश्यक आहे.

आधी पाणी, मग मासे

समुद्राचे पाणी विस्तीर्ण असल्याने त्याचे तापमान व क्षारता फार हळू बदलते. तेथील जीवांना या स्थैर्याची सवय असते. गोड्या पाण्यातील अनेक मासे थोडाफार चढउतार सहन करतात. प्रवाळभित्तीवरचे जीव तो सहज सोसत नाहीत. म्हणूनच समुद्री पेटी ठेवणे म्हणजे प्रथम पाणी सांभाळणे होय.

यावरून टाकीचा आकारही ठरतो. लहान टाकी स्वस्त व सोपी असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात पाणी जितके कमी, तितका बदल वेगाने होतो. वीस-पंचवीस लिटरच्या पेटीत एखादा मेलेला मासा किंवा चिमूटभर जास्तीचे खाद्य संपूर्ण पाणी बिघडविण्यास पुरेसे ठरते. अडीच फूट लांब, सव्वा फूट रुंद व सव्वा फूट उंच टाकीत सुमारे ११० लिटर पाणी मावते. नवशिक्यासाठी हा आकार योग्य समजावा. काच, दगड व पाणी मिळून तिचे वजन दीडशे किलोच्या आसपास जाते. त्यामुळे ती टीव्हीच्या टेबलावर न ठेवता भक्कम स्टँडवर, भिंतीलगत आणि थेट ऊन येणार नाही अशा जागी ठेवावी.

पाणी कोठून आणावे?

समुद्र जवळ असला, तरी मुंबईच्या चौपाटीवरून पाणी भरून आणू नये. सांडपाणी, तेल व गाळ यांमुळे ते पेटीस अयोग्य असते. नळाच्या पाण्यातील क्लोरीनही समुद्री जीवांना घातक आहे. आरओ यंत्रातून शुद्ध केलेल्या पाण्यात मत्स्यालयासाठी मिळणारे कृत्रिम समुद्री मीठ विरघळवावे. स्वयंपाकाचे मीठ मुळीच चालत नाही. त्यात समुद्रातील मॅग्नेशियम, कॅल्शियम आदी घटक नसतात. एक लिटर पाण्यास साधारण ३५ ग्रॅम या हिशेबाने शंभर लिटरसाठी साडेतीन ते चार किलो मीठ लागते. हे मिश्रण वेगळ्या बादलीत, पंपाने ढवळत, एक दिवस ठेवून मगच वापरावे. पाण्याचे विशिष्ट गुरुत्व १.०२३ ते १.०२६ या दरम्यान असावे. ते मोजण्यासाठी हायड्रोमीटर किंवा त्याहून अचूक असा रिफ्रॅक्टोमीटर मिळतो.

येथे एक चूक हमखास होते. बाष्पीभवनाने पाणी उडते, मीठ मात्र टाकीतच राहते. शंभर लिटरपैकी दहा लिटर पाणी उडाले, तर क्षारता लिटरमागे ३५ ग्रॅमवरून जवळजवळ ३९ पर्यंत चढते. म्हणून रोजची घट भरून काढताना खारे पाणी न घालता शुद्ध गोडे पाणीच घालावे.

चार ते सहा आठवड्यांची प्रतीक्षा

माशांची विष्ठा व उरलेले खाद्य यांपासून अमोनिया तयार होतो. तो अत्यल्प प्रमाणातही विषारी असतो. दगड व वाळूवर वाढणारे जिवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये आणि नंतर तुलनेने निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेशा संख्येने नसतात. ते वाढण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. या काळात टाकीत मासा सोडू नये. वाळू, सच्छिद्र दगड व पाण्याचा पंप बसवून दर एक-दोन दिवसांनी चिमूटभर मत्स्यखाद्य टाकावे. ते कुजून जिवाणूंना अन्न मिळते.

चाचणी संचाने पाणी तपासत राहिल्यास प्रथम अमोनिया व त्यापाठोपाठ नायट्राइट वाढताना दिसते आणि पुढे दोन्ही उतरतात. दोन्हींचे प्रमाण शून्यावर आले आणि नायट्रेट दिसू लागले, की टाकी तयार झाली असे समजावे. त्यानंतर एकदा मोठा पाणीबदल करून पहिला मासा आणावा. पाणी स्वच्छ दिसते म्हणून पहिल्याच आठवड्यात मासे सोडणे हेच बहुतेक पेट्या रिकाम्या होण्याचे कारण आहे.

उन्हाळा आणि वीज

पेटीतील तापमान २५ ते २७ अंश सेल्सिअस असावे. महाराष्ट्रात एप्रिल-मे महिन्यांत ही मर्यादा राखणे कठीण होते, कारण दिवे व पंप यांचीही उष्णता पाण्यात मिसळते. पृष्ठभागावर छोटा पंखा लावल्यास तापमान दोन-तीन अंशांनी उतरू शकते. मात्र पाणीही अधिक उडते. तेवढ्याने न भागल्यास चिलर हाच उपाय उरतो आणि तो खर्चिक असतो. ज्या भागात वीज वारंवार जाते, तेथे बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आधीच घेऊन ठेवावा. उबदार पाण्यात मुळात प्राणवायू कमी असतो. त्यात प्रवाह थांबला, तर काही तासांत मासे गुदमरतात.

प्रवाळाचे काय?

प्रवाळ हे दगड किंवा वनस्पती नसून सूक्ष्म प्राण्यांची वसाहत असते. त्यांच्या पेशींत राहणारे शैवाल प्रकाशाच्या साह्याने अन्न तयार करते आणि त्यावर प्रवाळ जगतो. पाणी प्रमाणाबाहेर तापले, की हे शैवाल बाहेर टाकले जाते आणि प्रवाळ पांढरा पडतो.

भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये भित्ती बांधणारे सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, अग्निप्रवाळ व समुद्रपंखे यांना २००१ पासून पहिल्या अनुसूचीचे, म्हणजेच वाघाच्या बरोबरीचे संरक्षण आहे. समुद्री घोड्यांनाही तेच संरक्षण लाभले आहे. हे जीव पकडणे वा विकणे हा गुन्हा असून त्यासाठी तीन ते सात वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. सजावटीसाठी विकले जाणारे मृत प्रवाळाचे पांढरे सांगाडेही यातून सुटत नाहीत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाखालील विदेशी प्रजातींचे जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांवर नोंदणीचे बंधनही आले आहे.

कायद्याची कडक अंमलबजावणी कशी असते, हे मुंबईने पाहिले आहे. सागरी किनारा मार्गाच्या कामात वरळी व हाजी अली येथील खडकांवर प्रवाळ आढळले, तेव्हा २०२० मध्ये परवानगी घेऊनच त्या वसाहती अन्यत्र हलविण्यात आल्या. सार्वजनिक प्रकल्पास जे बंधन आहे, ते दिवाणखान्यातील टाकीला नाही असे मानण्याचे कारण नाही.

म्हणून नवशिक्याने 'लाइव्ह रॉक' या नावाने समुद्रातून काढलेला दगड घेऊ नये. सच्छिद्र सिरॅमिकचे वा कृत्रिम दगड वापरून भित्तीची रचना उभारता येते आणि जिवाणूंनाही ते तितकेच मानवतात. विक्रेता एखादा जीव 'चालतो' असे सांगत असल्यास पावती व मूळ स्रोताची कागदपत्रे मागावीत. शंका असल्यास वन विभागाकडे चौकशी करावी.

पहिले रहिवासी

सुरुवात बंदिस्त जागेत पैदास केलेल्या क्लाऊनफिशच्या एका जोडीने करावी. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने भारतात त्यांच्या पैदाशीचे तंत्र विकसित केले आहे. असे मासे पेटीतल्या जीवनाला सरावलेले असतात, तयार खाद्य घेतात आणि त्यांच्यासाठी भित्तीवर जाळे टाकावे लागत नाही. फिलिपिन्स व इंडोनेशियात भित्तीवरील मासे सायनाइड फवारून बेशुद्ध करून पकडण्याची प्रथा राहिली आहे. अशा माशांपैकी अनेक पुढे दगावतात. क्लाऊनफिशला पेटीत समुद्रफुलाची गरज नसते, हेही लक्षात घ्यावे.

चित्रपटातील 'डोरी' म्हणून परिचित असलेला निळा टँग सुमारे एक फुटापर्यंत वाढतो, त्यामुळे शंभर लिटरच्या टाकीत तो आणू नये. मँडरिन मासा बहुधा सूक्ष्म जिवंत जीवच खातो आणि नव्या टाकीत उपाशी मरतो. नवा मासा आणल्यावर पिशवी काही वेळ टाकीत तरंगत ठेवावी आणि टाकीतील पाणी तिच्यात थोडे थोडे मिसळावे. पुढचा मासा किमान दोन-तीन आठवड्यांनीच आणावा.

नित्य निगा

* रोज तापमान पाहावे आणि उडालेले पाणी गोड्या पाण्याने भरावे.
* दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य द्यावे.
* आठवड्याला दहा टक्के पाणी बदलावे. नवे पाणी त्याच तापमानाचे व क्षारतेचे असावे.
* क्षारता, नायट्रेट व सामू आठवड्यातून एकदा तपासून वहीत नोंदवावेत. सामू ८.१ ते ८.४ दरम्यान असावा.
* पेटीतील मासे वा पाणी खाडीत किंवा समुद्रात सोडू नये.

खर्चाचे नियोजन करताना माशांपेक्षा मीठ, चाचणी संच व विजेचे बिल यांचा विचार आधी करावा. एवढी जबाबदारी पेलणे शक्य नसेल, तर गोड्या पाण्याची पेटी अधिक आनंद देईल. ज्यांना प्रवाळ पाहायचाच आहे, त्यांच्यासाठी मालवणचा समुद्र आहे. तेथे पाण्याखाली जाऊन, हात न लावता, तो त्याच्या मूळ जागी पाहता येतो.