सार्जंट डॅनची लापशी

सकाळी घाईत तुम्ही गोड ओट्सचं पाकीट फोडता, त्यातली साखर परंपरेतली नव्हे. १८४८ पासून ओटागोत आलेले स्कॉटिश लोक ओट्सची लापशी मीठ घालून खात. उरलेलं पीक नांगराच्या घोड्यांना. आपल्याकडेही जई म्हणजे वैरणच की! १८६७ मध्ये डुनेडिनजवळ ग्रीन आयलंडला सुरू झालेली हॅरावेजची गिरणी आजही ओट्स दळते. गोरच्या फ्लेमिंग गिरणीचा 'क्रीमोटा' मात्र २००८ मध्ये बंद झाला. त्याच्या खोक्यावरचा सार्जंट डॅन इथल्या म्हाताऱ्यांना अजून आठवतो. हे वाचल्यापासून मी साधे ओट्स आणते आणि मोहरी-कढीपत्त्याची फोडणी देऊन उपमा करते. त्या जुन्या खारट लापशीच्या जवळचा आपला उपमाच, पाकीट नव्हे. तुम्ही काय करता?