मराठीतील दोन इटली

परदेशाचा इतिहास आपल्या भाषेत येतो तो दोन वाटांनी येतो. एक वाट ग्रंथांची, दुसरी माणसांची. ज्या गावी बसून मी हे लिहीत आहे त्या भिलाईला दुसऱ्या वाटेचा परिचय जुना आहे. १९५५ च्या करारानंतर येथे सोविएत अभियंते आले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. आणि पोटापाण्यासाठी विदर्भातून इकडे आलेल्या आमच्या वडिलांच्या पिढीला रशिया कळला तो टॉलस्टॉयच्या अनुवादांतून नव्हे, तर भट्टीपाशी शेजारी उभ्या राहणाऱ्या माणसांमुळे. कामगारांच्या घरांत राहिलेला तो रशिया कोणी लिहून काढला नाही. ग्रंथातला रशिया मात्र मराठीत भरपूर आहे. या तफावतीचा विचार करू लागल्यापासून मला दुसऱ्या एका देशाची आठवण वारंवार होते. तो देश इटली.

इटलीला मराठीत आणले विनायक दामोदर सावरकरांनी. १९०६ साली ते लंडनला गेले. तेथे मॅझिनीच्या लेखनाचे इंग्रजी खंड त्यांच्या हाती पडले, आणि त्याच वर्षी आत्मचरित्रपर व राजकीय लेखांचा अनुवाद करून त्यांनी तो प्रस्तावनेसह ज्येष्ठ बंधू बाबाराव यांच्याकडे धाडला. १९०७ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला. अर्पणपत्रिकेत टिळक आणि शिवराम महादेव परांजपे यांची नावे होती. ‘अभिनव भारत’ हे १९०४ मध्ये संस्थेला दिलेले नावच मुळी मॅझिनीच्या ‘तरुण इटली’ची आठवण ठेवून दिलेले होते. मॅझिनीने ही आपली संघटना १८३१ साली हद्दपारीत असताना मार्सेलिसला स्थापन केली. त्याच बंदरात ८ जुलै १९१० रोजी सावरकरांनी बोटीतून उडी घेतली. योगायोगाला इतिहासात अर्थ नसतो हे खरे. पण हा योगायोग नजरेआड करणे अनुवादकाला तरी जड जाते.

हा अनुवाद इटालियनवरून इंग्रजीत आणि इंग्रजीवरून मराठीत असा तिसऱ्या हाताचा आहे. त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. आपल्याकडील बहुतेक युरोप याच मार्गाने आलेला आहे. महत्त्वाचे आहे ते प्रस्तावनेत मॅझिनीला बसवलेले रूप. तेथे मॅझिनी हा इटलीचा रामदास होतो आणि गॅरिबाल्डी शिवाजी. परक्या पुरुषाला घरात घेण्यासाठी अशी उपमा लागतेच, आणि ही उपमा विलक्षण समर्थ होती: नेपोलियनच्या साम्राज्यात नुकत्याच सामील केलेल्या जिनोआत १८०५ साली जन्मलेला एका वैद्याचा मुलगा तिच्यामुळे नाशिक-पुण्याच्या तरुणाला एका क्षणात आपला वाटला. परंतु उपमा देते तितकेच काढूनही घेते. लंडनच्या हद्दपारीत इटालियन मजुरांच्या मुलांसाठी १८४१ मध्ये फुकट शाळा काढणारा मॅझिनी, दान्ते आणि बायरन यांच्यावर लिहिणारा समीक्षक मॅझिनी, ‘मनुष्याची कर्तव्ये’ हे १८६० चे पुस्तक कामगारांना उद्देशून लिहिणारा आणि त्यात महत्त्वाच्या दृष्टीने मानवजातीविषयीचे कर्तव्य राष्ट्राच्या आधी ठेवणारा मॅझिनी, हे सारे त्या उपमेच्या बाहेर राहिले. वाचकाच्या मनात ठसला तो कटाचा गुरू. आमच्या भाषेत त्याची ओळख पुढे कितीतरी वर्षे तेवढीच राहिली.

या चित्राला तत्काळ हरकत घेणारा वाचक निघाला तो मराठी नव्हता. १९०९ साली लंडनहून परतताना बोटीवर गांधींनी गुजरातीत ‘हिंद स्वराज्य’ लिहिले, त्यात इटलीवर स्वतंत्र प्रकरण आहे. मॅझिनीची इटली अजून झालीच नाही, जी झाली ती राजा व्हिक्टर इमॅन्युएलची, आणि तेथील कष्टकऱ्याला त्यातून काय मिळाले, असा त्यांचा प्रश्न. पुस्तकाच्या शेवटी वाचनासाठी सुचवलेल्या ग्रंथांत ‘मनुष्याची कर्तव्ये’ आहेच. एकाच हद्दपार लेखकाची ही दोन वाचने, आणि दोन्ही लंडनच्या मुक्कामातून निघालेली. मॅझिनीच्या स्वतःच्या शेवटाकडे पाहिले तर गांधींचे वाचन त्याला अधिक जवळचे वाटते: १८७२ साली तो पिसा येथे वारला तेव्हा एकसंध झालेल्या आपल्याच देशात खोटे नाव घेऊन राहत होता.

पुढे इटलीतच त्याच्या वारशावर दोन दावे लागले. फॅसिझमचा तत्त्वज्ञ जेंतिले याने त्याला आपला पूर्वसूरी ठरवले; फॅसिस्टविरोधकांनी १९४२ मध्ये मॅझिनीच्याच जुन्या पक्षाचे नाव घेऊन ‘कृतिपक्ष’ उभा केला. आपल्याकडून नागपूरचे डॉ. मुंजे १९३१ च्या मार्चमध्ये रोमला जाऊन मुसोलिनीला भेटले आणि तेथील मुलांच्या कवायती संघटना पाहून आले. दुर्ग जिल्हा, म्हणजे आमचा हा मुलूखही, तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातच मोडत होता. असो.

येथवरची इटली ग्रंथांची. १९४३ पासून दुसरी इटली सुरू होते. हिंदी सैन्याच्या चौथ्या, आठव्या आणि दहाव्या डिव्हिजन त्या मोहिमेत उतरल्या. तेथे दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसांपैकी ६ हिंदी सैनिकांना मिळाले, आणि त्यांतले दोघे मराठा लाइट इन्फंट्रीचे होते. कोकणातील माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे वयाच्या बाविसाव्या वर्षी, १० जुलै १९४४ रोजी, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पडले. मशिनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतील बाकी सारे मेले किंवा जखमी झाले. ते एकटे धावून गेले, हातबॉम्बने तोफ आणि तोफची निकामी केला, एकाला गोळी घातली. काडतुसांची नळी बदलायला अवधी नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारले, आणि लपलेल्या शत्रूच्या गोळ्यांनी स्वतः कोसळले. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर अहमदनगर जिल्ह्यातले शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमी सोबत्यांना पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून अलीकडे आणले, मग एकट्याने शत्रूची ठाणी बंद पाडली आणि बांधावर उभे राहून मराठ्यांची आरोळी ठोकून मागच्या कंपन्यांना बोलावून घेतले. त्या पलटणीची आरोळी शिवाजी महाराजांच्या नावाची आहे. १८४९ साली रोमचे प्रजासत्ताक कोसळल्यावर गॅरिबाल्डी आपली उरलीसुरली माणसे घेऊन अंब्रियातून रोमान्याकडे निसटला होता, आणि त्याची पत्नी अनिता राव्हेन्नाजवळ वाटेतच वारली होती. टायबरचे वरचे खोरे अंब्रियात, सेनिओ रोमान्यात. १९०७ च्या प्रस्तावनेत जी उपमा होती ती अडतीस वर्षांनी त्या भूमीवर प्रत्यक्ष ऐकू आली. फक्त ती एका साम्राज्याच्या पगारी सैनिकाच्या तोंडून आली.

आणि या काळात तो ग्रंथ कोठे होता? सरकारने जप्त केलेला होता. त्याच्यावरची बंदी १९४६ साली उठली. म्हणजे घाडगे इटलीच्या मुक्ततेसाठी लढत असता, इटलीच्या मुक्ततेवरचे मराठी पुस्तक त्यांच्या गावी जवळ बाळगणे गुन्हा होता, आणि त्यांना पाठवणारे सरकार व पुस्तक दडपणारे सरकार एकच होते. पहिल्या इटलीवर आपण व्याख्याने दिली, चरित्रे लिहिली, तिच्यावरून पक्ष पाडले. दुसरीला माझ्या वाचनातील मराठी वाङ्मयेतिहासांत एक परिच्छेदही नाही. शेतकऱ्यांची मुले युरोपात जाऊन आली आणि लिहिणाऱ्या वर्गाने त्यांना काही विचारले नाही, हे मला त्याचे कारण दिसते. युरोप म्हणजे वाचावयाची वस्तू, अशी आमची ठाम समजूत. तो कोणी पायी तुडवून आला असेल ही शक्यताच आमच्या ध्यानी आली नाही. त्यांनी केलेले युद्ध आमच्या राजकारणात बसत नव्हते, हेही त्यात मिळवावे लागेल. माणगावात घाडगे यांचा पुतळा उभा राहिला. इटलीत मोंतोने येथे २०२३ च्या जुलैत त्यांच्या नावाचे सूर्यघटिकेच्या रूपातील स्मारक झाले. दोन्ही ठिकाणी दगडाने केले ते आमच्या गद्याने केले नाही.

मागे एका सभेसाठी घाडगे यांच्या सन्मानपत्राचा मराठी अनुवाद करून पाहिला. इंग्रजी मजकूर लष्करी पद्धतीचा, कोरडा आणि आखूड; मराठी करताना ‘वीर’, ‘रण’, ‘हौतात्म्य’ हे शब्द आपोआप पुढे येऊ लागले, ते एकेक करून काढावे लागले. दस्ता, नळी, तुकडी हे साधे शब्द ठेवल्यावर मजकूर उभा राहिला. नदीच्या नावाशी मात्र थांबलो. तिच्या काठचे लोक तिला तेव्हेरे म्हणतात. मराठीत ती अजून इंग्रजांची टायबरच आहे, आणि मीही शेवटी तेच लिहिले.