दूरसंचार यंत्रगृह आणि स्थानिक परवानगी : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
माणगंगेच्या काठी वसलेले म्हसवड हे सातारा जिल्ह्यातील नगरपालिकेचे गाव असून त्याच्या सभोवार माणदेशातील विखुरलेल्या वाड्या-वस्त्या आहेत. अशा प्रदेशात दूरध्वनी पोहोचविण्यासाठी तारेइतकीच यंत्रे ठेवण्याच्या छोट्या खोलीची आवश्यकता असते. या खोलीला कायद्याने कोणते स्थान दिले, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

कायद्याची पार्श्वभूमी :
१८८५ च्या भारतीय तार अधिनियमातील कलम १० अन्वये कोणत्याही स्थावर मालमत्तेवर तारा व खांब उभारण्याचा अधिकार तार प्राधिकरणास मिळाला. मात्र स्थानिक संस्थेच्या ताब्यातील जागेसाठी तिची परवानगी बंधनकारक होती. यंत्रगृहाचा स्वतंत्र उल्लेख या कलमात नव्हता. परिणामी तार एका कायद्याने पुढे जाई, तर खोली जमिनीच्या कायद्यांत अडके. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार शेतजमिनीवरील अशा बांधकामास अकृषिक परवानगी आवश्यक ठरली. त्याच वर्षीच्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाने शासनाच्या खात्यांना नियोजन प्राधिकरणास तीस दिवस आधी लेखी कळविण्याची मुभा दिली (कलम ५८). इतरांना परवानगीसाठी रीतसर अर्ज करणे भाग होते (कलम ४४).

स्थित्यंतर :
१९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट संस्थेने वातानुकूलनाविना चालणारे १२८ लाइन्सचे ग्रामीण एक्स्चेंज विकसित केले. १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे ते प्रथम कार्यान्वित झाले. यामुळे इमारतीची गरज एका साध्या खोलीपुरती उरली. परवानगीचा प्रश्न मात्र कायम राहिला. १९९५ पासून भ्रमणध्वनी सेवा सुरू झाली व खाजगी कंपन्या या क्षेत्रात आल्या. त्यांना शासकीय खात्यांची उपरोक्त सवलत नव्हती. अशा रीतीने सारख्याच आकाराच्या खोलीसाठी मालकानुसार वेगळी प्रक्रिया लागू झाली.

कराचा प्रश्न :
१६ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबाद महानगरपालिकेच्या खटल्यात भ्रमणध्वनी मनोरा करआकारणीपुरता ‘इमारत’ ठरविला. याउलट दूरसंचार अधिनियम, २०२३ च्या कलम १४ नुसार एखाद्या मालमत्तेवर बसविलेले दूरसंचार जाळे मालमत्ता करासाठीही त्या मालमत्तेचा भाग मानले जात नाही. मार्गाधिकाराचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले.

समारोप :
सारांश, या क्षेत्रातील अडथळ्याचे मूळ केवळ स्थानिक विरोधात शोधणे अपुरे ठरते. यंत्रगृह हे तारेचे अंग की स्वतंत्र इमारत, हा प्रश्न कायद्याने दीर्घकाळ अनिर्णित ठेवला. मर्यादित उत्पन्नाच्या नगरपालिकांसाठी यात कराचा व नियोजनाच्या अधिकाराचा प्रश्न आहे, तर दूरच्या वाडीसाठी संपर्काचा. परवानगीची प्रक्रिया सुलभ करताना या दोहोंचा एकत्रित विचार होणे अगत्याचे आहे.