‘हेअरस्प्रे’ची दोन चित्ररूपे

बाल्टिमोरच्या दूरचित्रवाणीवर १९५७ पासून बडी डीन यांचा तरुणांच्या नृत्याचा कार्यक्रम होत असे. कृष्णवर्णीय मुलांना वेगळा दिवस दिलेला असे. उभय वर्णांच्या मुलांस एकत्र नाचू देण्यापेक्षा जानेवारी १९६४ मध्ये तो कार्यक्रमच बंद करण्यात आला.

या कार्यक्रमावर बेतलेल्या ‘हेअरस्प्रे’च्या दोन्ही चित्रपटांत कथा १९६२ची असून शेवट मात्र उलट आहे, तेथे वर्णभेदाची भिंत पडते. पहिला जॉन वॉटर्स यांचा (१९८८). दुसरा, त्यावरून २००२ साली ब्रॉडवेवर आलेल्या संगीतिकेच्या आधारे अ‍ॅडम शँकमन यांनी केलेला (२००७). पहिल्यात सौंदर्यस्पर्धेचा मुकुट गौरवर्णीय ट्रेसीला मिळतो, दुसऱ्यात कृष्णवर्णीय आयनेझला. ही दुरुस्ती न्याय्यच होय.

तथापि तिच्याबरोबर एक गोष्ट गळली. वॉटर्स यांच्या चित्रपटात गोऱ्यांपुरत्याच असलेल्या एका करमणूक-उद्यानापुढे निदर्शने होऊन दंगल उसळते. हे उद्यान म्हणजे बाल्टिमोरजवळचे ग्विन ओक, हे उघड आहे. अनेक वर्षांच्या निदर्शनांनंतर व जुलै १९६३ मधील शेकडो अटकांनंतर त्याची दारे २८ ऑगस्ट १९६३ रोजी सर्वांना खुली झाली. शँकमन यांच्या चित्रपटात उद्यान नाही. त्याऐवजी मेबेलच्या नेतृत्वाखाली दूरचित्रवाणी केंद्राकडे जाणारा गंभीर मोर्चा आहे. तो हृदयस्पर्शी खराच. परंतु थिल्लर म्हणून गणला गेलेला पहिला चित्रपटच (आणि तो तसा आहेही) येथे इतिहासाला अधिक जवळचा ठरतो.