गाळून उरलेलं

धार म्हटलं की आपल्याला पवारांची गादी आठवते, देवास म्हटलं की थोरली पाती नि धाकटी पाती. पण पवार माळव्यात यायच्या पाचशे वर्षं आधी, घोरीच्या स्वाऱ्यांमुळे मांडलगढ सोडून एक जैन कुटुंब धारला आलं. त्यातलेच पंडित आशाधर. पुढे ते जवळच्या नालछ्याला राहिले. गृहस्थांसाठी त्यांनी ‘सागारधर्मामृत’ लिहिलं. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’वरही त्यांची टीका होती, ती आज मिळत नाही.

पाणी गाळण्यातले दोष आशाधरांनी मोजून सांगितलेत. दोन मुहूर्तांनी, म्हणजे ९६ मिनिटांनी, पुन्हा न गाळणं; खराब फडक्यानं गाळणं; आणि गाळून उरलेलं भलत्याच पाण्यात टाकणं. ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत ते जीव परत सोडायचे.

हा शेवटचा दोष आज औषधांच्या बाबतीत घडतोय. १९२८ साली फ्लेमिंगला पेनिसिलिन सापडलं. १९५५ पासून आपल्या पिंपरीत ते बनू लागलं. आता धार जिल्ह्यातल्या पीथमपुरात नि देवासलाही औषधांचे कारखाने आहेत. अँटिबायोटिकनं लाखो बाळंतिणी वाचवल्या, हे विसरून चालणार नाही. पण घेतलेल्या गोळीचा बराच भाग शरीरातून तसाच बाहेर पडतो, गटारातून नदीत जातो. तिथे जंतूंना थोडं थोडं औषध मिळतं आणि ते त्याला सरावतात. कमी मात्रेचा हा धोका फ्लेमिंगनं १९४५ मध्येच नोबेलच्या व्याख्यानात सांगितला होता.

म्हणून आता शास्त्रज्ञ विरघळून जाणाऱ्या पॉलिमरकडे वळलेत. अँटिबायोटिक जंतूच्या एखाद्या नेमक्या कामाला खीळ घालतं. जंतू ते काम बदलतो नि निसटतो. पॉलिमरच्या साखळीवर धन भार असतो, जंतूच्या आवरणावर ऋण. साखळी चिकटते आणि आवरणच फाडते. अख्खं आवरण बदलणं जंतूला अवघड जातं. काम झालं की साखळी तुटून जाते, मागे औषध उरत नाही. २०११ साली आयबीएम आणि सिंगापूरच्या संशोधकांनी असे कण केले. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू सेंटरमध्येही हे काम चालतं. मात्र आपल्याच रक्तपेशींना इजा होऊ नये, ही मोठी अडचण आहे. म्हणून अँटिबायोटिकसारखी सर्रास देता येईल अशी गोळी अजून हाती नाही.

यातही मारणंच आलं ना, असं कुणी विचारील. गृहस्थानं संकल्पी हिंसा सोडायची. आरंभी हिंसा टळत नाही, ती कमीत कमी करायची. कशापासून बनवलंय हेही विचारायचं. कायटोसान कोळंबीच्या कवचातून काढतात, तसं बुरशीतूनही मिळतं.

नवं औषध येईल तेव्हा येईल. घरातला औषधांचा डबा तर आजही आपल्याच हातात आहे. सर्दीला शेजारणीची उरलेली गोळी घेऊ नका. डॉक्टरांनी सांगितलं तेवढे दिवस औषध घ्या. आणि उरलेलं मोरीत ओतू नका, बायांनो. ते पाणी कुणाच्या तरी विहिरीला जातं.