शर्यतीच्या मोटारीतले आसन

आमच्या ओळखीच्या एका तरुण अभियंत्याने जुनी मोटार घेतली आहे. ती ट्रॅकवर पळवण्याजोगी करायची आहे, आणि पैसे बेताचेच आहेत. "सीट स्वस्तातली घेतली तर चालेल का?" असे त्याने आम्हाला विचारले. प्रश्न बाजारहाटाचा वाटतो. पण त्याचे उत्तर न्यूटनच्या पहिल्या नियमात आणि गेल्या सत्तर वर्षांच्या इतिहासात दडलेले आहे.

१९५० च्या दशकात युरोपातील शर्यतींचे बहुतेक चालक पट्टा बांधत नसत. मोटार उलटली किंवा पेटली तर बाहेर फेकले गेलेले बरे, असा समज होता. डोक्यावर सांगाडा नसलेल्या त्या मोटारींत आगीची भीती खरी होती, त्यामुळे तो समज टिकून राहिला. आसनाचे काम एवढेच, की वळणावर चालकाने घसरू नये.

हा समज मोडायला मदत झाली ती विमानविद्येची. अमेरिकी हवाई दलातील डॉक्टर जॉन पॉल स्टॅप १० डिसेंबर १९५४ रोजी न्यू मेक्सिकोतील हॉलोमन तळावर अग्निबाणाने ढकलल्या जाणाऱ्या गाड्यावर स्वतः बसले. ताशी सुमारे १०१७ किलोमीटर वेगावरून तो गाडा अवघ्या १.४ सेकंदांत थांबला. विद्यार्थ्यांना सरासरी मंदन काढायला सांगावे: ते गुरुत्व त्वरणाच्या सुमारे २१ पट येते. प्रत्यक्षात काही क्षण ते ४६ पटींपर्यंत गेले होते. स्टॅप यांची दृष्टी तात्पुरती गेली, पण ते वाचले. आसन पक्के असेल आणि पट्ट्यांनी शरीर त्याला जखडलेले असेल, तर माणूस कल्पनेपेक्षा पुष्कळ सोसू शकतो, हे सिद्ध झाले.

याचे कारण एका उदाहरणाने समजते. ताशी ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १५ मीटर वेगाने मोटार भिंतीवर आदळली आणि तिचा पुढचा भाग ६० सेंटिमीटर चेपला. आसनाला घट्ट बांधलेला चालक मोटारीबरोबरच थांबतो. त्याचे सरासरी मंदन गुरुत्व त्वरणाच्या सुमारे १९ पट होते. न बांधलेला चालक जडत्वामुळे पुढे जात राहतो आणि स्टिअरिंगवर आपटून जेमतेम ६ सेंटिमीटरांत थांबतो. अंतर एक दशांश, म्हणून मंदन दहापट!

१९५९ मध्ये स्वीडनच्या निल्स बोलिन यांनी व्होल्वोसाठी तीन बिंदूंचा पट्टा तयार केला. त्याआधी ते विमानातून बाहेर फेकल्या जाणाऱ्या आसनांवर काम करीत होते. फॉर्म्युला वनमध्ये पट्टे सक्तीचे झाले ते १९७२ मध्ये. मग नवा प्रश्न उभा राहिला. धड जागीच राहते, पण हेल्मेटसह डोके पुढे जाते आणि कवटीचा तळ तुटतो. १९९४ मध्ये इमोला येथे रोलँड रॅट्झेनबर्गर यांचा मृत्यू अशाच दुखापतीने झाला. यावरचा उपाय, हेल्मेटला खांद्यांवरील जोखडाशी बांधणारे 'हान्स' साधन, प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड यांनी १९८० च्या दशकातच शोधला होता. फॉर्म्युला वनने तो सक्तीचा केला २००३ मध्ये. ज्ञान आणि वापर यांत इतकी वर्षे गेली!

दरम्यान 'एफआयए' या आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने आसनांची कसोटी ठरवली: ८८५५-१९९९, आणि पुढे अधिक कडक अशी ८८६२-२००९. पहिल्या कसोटीच्या आसनाचे आयुष्य पाच वर्षे, दुसरीच्या दहा वर्षे धरले आहे.

आता त्या तरुणाचे उत्तर. काचतंतूंचे आसन कार्बनतंतूंच्या आसनापेक्षा स्वस्त आणि जड असते. पण दोन्ही एकाच कसोटीला उतरलेली असतील, तर वाचवलेले पैसे मुख्यतः वजनाचे आहेत, सुरक्षिततेचे नव्हेत. तेवढा स्वस्तपणा खुशाल स्वीकारावा. मात्र कसोटीचे लेबल नसलेली हुबेहूब नक्कल, किंवा अपघातातून निघालेले जुने आसन, फुकट मिळाले तरी घेऊ नये. तंतूंच्या थरांतील तडा डोळ्यांना दिसत नाही. आसन अंगाला बेतशीर बसले पाहिजे. ते चार ठिकाणी, किमान ८ मिलिमीटर जाडीच्या बोल्टांनी आणि ३ मिलिमीटर जाड पोलादी आधारांवर बसवावे, असे महासंघाचे नियम सांगतात. पातळ पत्र्यातून बोल्ट उपटून निघतो.

आणखी एक गोष्ट विसरू नये. खांद्यांवरून पट्टे बांधलेला माणूस मोटार उलटताना बाजूला कलू शकत नाही. छताखाली पोलादी पिंजरा नसेल, तर तेच पट्टे घातक ठरतात. आसन, पट्टे, पिंजरा आणि मानेचे साधन ही एकच साखळी आहे; तिची एक कडी महाग घेऊन दुसरी गाळणे ही काटकसर नव्हे.

आम्ही त्याला सांगितले, "साधे आसन घे, आणि उरलेले पैसे पिंजऱ्यासाठी ठेव. तो होईपर्यंत ट्रॅकवर जाऊ नकोस." त्याची निराशा झाली खरी. पण दुसऱ्या दिवशी तो आला, तो पिंजऱ्याच्या नळ्यांचा हिशेब घेऊनच.