हात लावण्याची मुभा



शाळेंतील शास्त्राच्या वर्गाची आठवण बहुतेकांच्या मनांत एका कुलुपाशीं जडलेली असते. कांचेच्या कपाटांत उपकरणें, कपाटाला कुलूप, आणि गुरुजी लांबून दाखवितील तेवढाच प्रयोग! हें कुलूप कसें उघडलें, त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

आरंभ युरोपांत झाला. बर्लिन येथील ‘उरानिया’ या संस्थेंत १८८९ पासून प्रेक्षकांना कळ दाबून स्वतः प्रयोग चालवितां येऊं लागले. म्यूनिकच्या ‘डॉइचेस म्युझियम’ची मोठी इमारत १९२५ सालीं खुली झाली, तेथेंहि कित्येक यंत्रें प्रेक्षकांनीं चालवून पाहावयाचीं असत. लंडनच्या सायन्स म्युझियममध्यें १९३१ सालीं खास मुलांसाठीं दालन निघालें. परंतु कळ दाबणें निराळें आणि प्रयोग करणें निराळें. कळ दाबली कीं ठरलेलें तेंच घडतें. चुकण्याला तेथें वाव नाहीं.

तो वाव ज्यांनीं दिला, त्यांत एका शाळामास्तराचें नांव प्रामुख्यानें घ्यावें लागेल. फ्रँक ओपेनहायमर हे अणुबाँबच्या संदर्भांत प्रसिद्ध असलेल्या रॉबर्ट ओपेनहायमर यांचे धाकटे बंधु, व स्वतःहि पदार्थविज्ञानाचे पंडित. आपण पूर्वीं कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होतों, असें त्यांनीं १९४९ सालीं अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढें सांगितलें आणि मिनेसोटा विद्यापीठांतील जागा गमावली. कोलोराडोंत गुरें पाळून त्यांनीं कांहीं वर्षें काढलीं. १९५७ मध्यें पगोसा स्प्रिंग्ज या लहानशा गांवच्या हायस्कुलांत त्यांना शास्त्र शिकविण्याचें काम मिळालें. मुलांना घेऊन ते भंगाराच्या ढिगाऱ्यावर जात आणि मोडक्या यंत्रांचे भाग त्यांच्या हातीं देऊन यंत्रशास्त्र शिकवीत.

पुढें कोलोराडो विद्यापीठांत त्यांनीं ‘प्रयोगांचें ग्रंथालय’ उभारलें. तेथें अनेक प्रयोग मांडून ठेवलेले असत. ग्रंथालयांत पुस्तक उघडावें, तसें विद्यार्थ्यानें सवडीनें यावें, हवा तो प्रयोग करावा, चुकावें, पुन्हा करावा. हीच कल्पना मोठी होऊन १९६९ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें ‘एक्स्प्लोरेटोरियम’ निघालें. नवे प्रयोग घडविणारा कारखानाहि तेथें प्रेक्षकांच्या नजरेआड ठेवला नव्हता. आणि ते प्रयोग कसे बनवावे, हें पुस्तकें छापून सर्वांना सांगितलें गेलें.

आपल्या मुंबईसहि नेहरू विज्ञान केंद्राचें विज्ञान-उद्यान १९७९ मध्यें व केंद्र १९८५ मध्यें खुलें झालें. पण तेथें शाळेची सहल क्वचित् जाते. शाळेचा व्हरांडा मात्र रोजचा असतो. त्या व्हरांड्यांत एक मेज, त्यावर एक भिंग, एक लोहचुंबक, एक कप्पी, एवढें ठेवण्यास फारसा खर्च येत नाहीं. एखादी वस्तु मोडेलहि. ती मोडली तर मुलांनाच दुरुस्त करूं द्यावी. धडा तेथूनच सुरू होतो.